पूरपट्ट्यात राहताय? मग खाण्याची ही बेगमी मे महिन्यातच करून ठेवा

कोल्हापूर, सांगली, शिरोळकडं नदीकाठी राहणाऱ्यांना बेगमी शिकवायला नको, उन्हाळ्यात वर्षाचा गहू, डाळी, चटणी सगळं भरून झालेलं असतं. पण ती बेगमी पुरात उपयोगी पडत नाही. गहू दोन पोती आहे पण लाईट गेली की गिरणी बंद, तांदूळ आहे पण शिजवायला गॅस आणि पाणी पाहिजे, आणि पुरात पाणी योजनेचे पंपच बुडतात त्यामुळं चहूकडं पाणी आणि नळ कोरडा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापुरात हेच झालं, त्यात हायवे बंद म्हणून दूध, भाजी, पेट्रोल पण येईना. म्हणून पुराचा साठा वेगळा काढा आणि कुठलीही वस्तू घेताना एवढंच बघा की ही न शिजवता खाता येते का.

चार माणसं आणि पाच दिवस धरले तर पातळ पोहे ३ किलो, भाजलेले शेंगदाणे २ किलो, गूळ दीड किलो, फुटाणे किंवा डाळं १ किलो, हा झाला पाया. पोटाला आधार शेंगदाणे-गुळाचाच असतो, नुसत्या बिस्किटांवर दोन दिवस पण निघत नाहीत. त्याच्या जोडीला शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, लोणचं, खजूर, राजगिऱ्याचे लाडू, दूध पावडर, आणि कांदे-लिंबं. पातळ पोह्यांवर पाण्याचा हबका मारायचा, कांदा बारीक चिरून, चटणी, मीठ, वर कच्चं तेल, हातानं कालवून दहा मिनिटं दडपून ठेवायचं, गॅस न पेटवता सगळ्यांचं जेवण होतं. चुरमुरे घेतले तरी चालतील पण जागा फार खातात आणि लगेच सादळतात. घरात तान्हं बाळ, शुगरचं माणूस असेल तर त्यांचं खाणं आणि औषधं आधी बाजूला काढा, बाकीचं नंतर.

पाणी माणशी रोज ३ लिटर नुसतं प्यायला, म्हणजे २० लिटरचे तीन कॅन. तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो पण जंतू मरत नाहीत, हे खूप जणांना माहीत नसतं, त्यामुळं नंतर पाणी चांगलं खळखळ उकळा नाहीतर क्लोरीनचे थेंब बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात टाका.

ठेवायचं कुठं तर माळ्यावर किंवा वरच्या मजल्यावर, स्वयंपाकघरात खाली अजिबात नको. पोहे मे महिन्यात कडक ऊन देऊन, गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, गरम भरले तर आत घाम धरतो आणि बुरशी येते. डब्यावर तारीख टाका. शेंगदाणे पावसाळ्यात खवट होतात म्हणून दर महिन्याला ते रोजच्या वापरात घ्यायचे आणि नवीन भाजून भरायचे, हे काम कंटाळवाणं आहे पण टाळू नका. डब्यांशेजारीच चाकू, ताटल्या, काडेपेटी, बॅटरी पण ठेवा, ऐनवेळी अंधारात हेच सापडत नाही. घर बैठं असेल तर सगळं एका पाठीवरच्या बॅगेत मावेल एवढंच, दोन दिवसांचं, कारण तुम्हाला निघायचंच आहे.

कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट किंवा सांगलीत कृष्णेच्या आयर्विन पुलाला ४० फूट पाणी झालं म्हणजे इशारा पातळी, त्या दिवशी कॅन भरून घ्या आणि दुधात कणीक मळून दशम्या करा, दोन दिवस आरामात जातात. कोल्हापुरात ४३ आणि सांगलीत ४५ फूट ही धोका पातळी, तोपर्यंत थांबू नका. खालच्या सिलेंडरचा रेग्युलेटर काढून टोपी लावा आणि तो वर न्या, पाण्यात सिलेंडर तरंगतो.

आणि पुराचं पाणी लागलेलं खाणं पिशवीबंद असलं तरी टाकून द्या, फिरकीच्या झाकणाची बरणी पण, कारण झाकणाच्या आट्यांतून घाण आत जाते. पत्र्याचा सीलबंद डबा न फुगता, न गंजता राहिला असेल तर तेवढा साबणानं धुऊन, क्लोरीनच्या पाण्यात बुडवून वापरता येतो. धान्य वाळवून खाऊ असं आपल्या घरातली मोठी माणसं म्हणतातच, पोतंभर गहू टाकताना जीव तुटतो हे खरंय, पण त्या पाण्यात गटार, मेलेली जनावरं, शेतातली औषधं सगळं असतं, ते वाळवून जात नाही.