‘मॅक्बेथ’वरचा निबंध कसा लिहावा
ए लेव्हल या बारावीच्या तोडीच्या ब्रिटिश परीक्षेसाठी इंग्रजी साहित्याची तयारी करणाऱ्या ठाण्यातल्या माझ्या विद्यार्थ्यांना मी कथानक पाठ करू देत नाही, कारण परीक्षकाला ते ठाऊकच असते. शेक्सपिअरच्या ‘मॅक्बेथ’चेच पाहा: दुसऱ्या अंकात राजाच्या खुनानंतर थोड्याशा पाण्याने हे कृत्य धुऊन निघेल असे सांगणारी लेडी मॅक्बेथ पाचव्या अंकात झोपेत चालताना, हातावरचे रक्त धुतल्यासारखे हात चोळत राहते, आणि एरवी पद्यात बोलणारी ही राणी तिथे गद्यात बोलते. हा बदल का झाला, याच्या उत्तरातूनच निबंधाचे मुख्य विधान मिळते. आधी कच्चा आराखडा करावा. मग प्रत्येक परिच्छेदात लहानसे अवतरण घेऊन त्यातल्या एखाद्या शब्दावर मनापासून रेंगाळावे. अवतरणे ठाणे-वाशी लोकलमध्येही पाठ होतात, पण पूर्ण उत्तर मात्र घड्याळ लावून, हातानेच लिहावे.