पीएच.डी.ला नाव घालण्याआधी: तुमच्या शाखेत पुरावा कशाला म्हणतात?

विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी प्रबंध विभाग सांभाळतो. सिनॉप्सिसचा म्हणजे संशोधनाच्या प्रस्तावाचा आराखडा, संदर्भसूची, प्लेजरिझमची म्हणजे वाङ्मयचौर्याची तपासणी अशा कामांसाठी सगळ्या विद्याशाखांची माणसं माझ्याच टेबलाशी येतात. भौतिकशास्त्राचा मुलगा, एमडी झालेल्या डॉक्टरबाई, एमबीएला शिकवणारे सर आणि तत्त्वज्ञानाची एखादीच विद्यार्थिनी. यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) २०२२चा नियम सर्वांना सारखा: किमान ३ वर्षं, कमाल ६, कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं. त्यावरून नवख्या माणसाचा समज होतो की संशोधनाचाही साचा एकच. उद्दिष्टं, गृहीतकं, नमुना, प्रश्नावली, निष्कर्ष. झाली पाच प्रकरणं.

या समजापायी वर्ष-दोन वर्षं वाया गेलेले लोक मी पाहतो. म्हणून विषय घेऊन कुणी आलं की शीर्षक ऐकण्याआधी मी विचारतो, तुमचं म्हणणं खरं आहे हे तुमच्या शाखेतले लोक कशावरून मानणार? आणि ते तुमच्या हाती कधी लागणार?

विज्ञानात हे बरेचदा यंत्रावर अवलंबून असतं. नारायणगावजवळच्या खोडदला प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. तिथे वेळ मागावी लागते. प्रस्ताव लिहायचा, तो तपासला जातो, मंजूर झाला तर निरीक्षणाचे तास मिळतात. जून २०२३मध्ये अतिदीर्घ गुरुत्वीय लहरींच्या खुणा मिळाल्याचं जगभरच्या गटांनी जाहीर केलं, त्यात खोडदची निरीक्षणंही होती. अशा कामात वर्षानुवर्षांच्या नोंदी आणि मोठा चमू लागतो, तुमचा वाटा त्यातला एक तुकडा. ‘पेपरवर माझं नाव पहिलं येईल ना?’ हा प्रश्न इथे फार कामाचा नाही. हिग्ज कणाचं वस्तुमान सांगणाऱ्या २०१५च्या शोधनिबंधाला ५,१५४ लेखक होते. ३३ पानांपैकी २४ पानं नावं आणि संस्थांच्या यादीतच गेली. कणभौतिकीत आणि गणितात नावं सहसा वर्णानुक्रमे लागतात. वैद्यकात मात्र पहिलं नाव काम करणाऱ्याचं आणि शेवटचं ज्येष्ठाचं, असा प्रघात आहे. गाइडशी हे बोलणं पहिल्या महिन्यातच व्हावं. संकोच वाटतो खरा, पण पेपर तयार झाल्यावर तेच बोलणं फार कडू होतं.

वैद्यकाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण तिथे क्रम चुकला तर दुरुस्ती नाही. गडचिरोलीत डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला. ३९ गावांत ही सेवा दिली आणि तुलनेसाठी ४७ गावं ठेवली. आधी दोन वर्षं फक्त नोंदी, मग गावातल्याच प्रशिक्षित आरोग्यसेविकांमार्फत उपचार. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. तुलनेची गावं नसती तर ‘तसेही मृत्यू कमी होतच होते’ असं कुणीही म्हटलं असतं. आता असा अभ्यास करायचा तर आधी एथिक्स कमिटीची मंजुरी हवी. उपचाराची चाचणी असेल तर सीटीआरआय या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदणीही हवी, आणि १ एप्रिल २०१८पासून ती पहिला रुग्ण घेण्याआधीच करावी लागते. ‘पेशंट जमवू, कागद नंतर बघू’ हे चालत नाही. जमवलेली माहिती कितीही चांगली असो, चांगली नियतकालिकं ती दारातूनच परत पाठवतात.

पण वैद्यक म्हणजे फक्त चाचण्या असंही नाही. १९५२मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत ‘बॉम्बे’ रक्तगट शोधला, तो मोजक्या माणसांच्या न जुळणाऱ्या रक्तावरून. हजारोंचा नमुना नव्हता. जे समोर आलं ते नेहमीच्या चौकटीत बसत नाही, एवढं ओळखणारी नजर होती.

व्यवस्थापनाबद्दल माझं मत थोडं तिखट आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूलने २०१०मध्ये मुंबईच्या डबेवाल्यांवर केस काढली, हे प्रत्येक एमबीएवाला सांगतो. पण ती केस वर्गात चर्चा घडवण्यासाठी असते, प्रबंधातला केस स्टडी वेगळा. आमच्याकडे बहुतेक सिनॉप्सिसमध्ये ‘अमुक जिल्ह्यातील ग्राहकांचे समाधान’ असतं, आणि पुरावा म्हणजे व्हॉट्सॲपवर फिरवलेला गूगल फॉर्म. तो भरला कुणी? मित्रांनी आणि मित्रांच्या मित्रांनी. नमुना ४००चा असला तरी तो जिल्ह्याचा होत नाही. कंपनीची आतली माहिती हवी असेल तर परवानगी लेखी घ्या. ओळखीचे एचआर साहेब नोकरी बदलतात आणि दार बंद होतं.

तत्त्वज्ञानाची विद्यार्थिनी फॉर्मवरच्या ‘नमुना संख्या’ या रकान्याशी अडते. मी तिला ‘लागू नाही’ लिहायला सांगतो. १९६३मध्ये एडमंड गेटियर यांनी तीन पानांच्या निबंधात दोन काल्पनिक उदाहरणं दिली. ज्ञान म्हणजे सकारण असलेली सत्य समजूत, ही व्याख्या त्या उदाहरणांनी हलली आणि तो वाद अजून मिटलेला नाही. इथे पुरावा म्हणजे युक्तिवाद, आणि समोरच्याचा सर्वांत बळकट आक्षेप तुम्ही स्वतःहून मांडला की नाही, हे परीक्षक आधी बघतात. जुना ग्रंथ घेतलात तर त्याची भाषा यायलाच हवी. वेगवेगळ्या पोथ्यांतला पाठ कोणता धरायचा हाही प्रश्न असतो. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम १९१९ ते १९६६ चाललं, ते याचसाठी. मराठीत लिहायचं असेल तर ‘परामर्श’ या तत्त्वज्ञानाच्या नियतकालिकाचे जुने अंक चाळा. घरचे ‘दिवसभर नुसती वाचत बसतेस’ म्हणतील. त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

प्लेजरिझमच्या नियमात १० टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं आणि अवतरणं, संदर्भसूची त्यात धरत नाहीत. म्हणून अवतरणचिन्हं नीट द्या, विशेषतः तत्त्वज्ञानात. प्रबंधाआधी शोधनिबंध छापण्याची सक्ती यूजीसीने २०२२मध्ये काढली, मात्र तुमच्या विद्यापीठाचा नियम वेगळा असू शकतो. तो वाचल्याशिवाय पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्यांकडे जाऊ नका.

आणि गाइडला भेटण्याआधी शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, त्यांच्या विद्यार्थ्यांचे दोन-तीन प्रबंध उघडा. पहिलं प्रकरण सोडा, थेट माहिती कुठून आणली ते पान काढा. रुग्णालयात यंत्राने निदान करावं का, असा दोन शाखांच्या मधला विषय असेल तर दोन्हीकडचे प्रबंध बघा आणि सहमार्गदर्शक नोंदणीच्या वेळीच मागा.