पोरांना घेऊन कोल्हापुरात यायचंय? मग आधी यादी फाडा

पुण्या-मुंबईची मंडळी मुलांना घेऊन कोल्हापूरला येतात तेव्हा त्यांच्या खिशात एक यादी असते. सकाळी अंबाबाई, मग न्यू पॅलेस, दुपारी तांबडा-पांढरा, तिथून जोतिबा, पन्हाळा आणि संध्याकाळी रंकाळा. सगळं एका दिवसात. तीन वाजेपर्यंत धाकटं रडायला लागतं, थोरलं मोबाईलमध्ये तोंड घालून बसतं आणि आईबाप एकमेकांवर खेकसतात. माझं घर कोल्हापुरातल्याच शुक्रवार पेठेत आहे. भावांची आणि नणंदांची पोरं दर सुट्टीत माझ्याकडेच उतरतात, त्यामुळे हा तमाशा मी दारातूनच ओळखते.

माझा हिशेब सरळ आहे. अर्ध्या दिवसात एकच ठिकाण करायचं. आणि निवडायचं ते असं, की जिथं माणसं काहीतरी करतायत. काचेआड मांडून ठेवलेल्या वस्तू पोरं वीस मिनिटं बघतात, पण काम करणारा माणूस दिसला की दोन तास हलत नाहीत. त्या मानानं कोल्हापूर नशीबवान आहे. इथं अजून बरंच काही डोळ्यांसमोर चालतं.

गुऱ्हाळ

दसरा-दिवाळीपासून मार्चपर्यंत येत असाल तर पहिला नंबर याचा. पन्हाळ्याच्या किंवा गगनबावड्याच्या वाटेला लागा. उसाच्या फडांमधून धुराडं दिसलं आणि गोड-करपट वास आला की गाडी बाजूला घ्या. तिकीट नाही, वेळापत्रक नाही. आत जाऊन तिथल्या मामांना विचारायचं, "मामा, पोरांना बघू दे काय?" सहसा कुणी नाही म्हणत नाही. फक्त नुसतं फोटो काढून निघू नका, जाताना किलोभर गूळ विकत घ्या.

सकाळी लवकर गेलात तर पहिलं आधण, म्हणजे रसाची पहिली खेप, लागताना सापडतं. ऊस चरकात जातो, रस टाकीत उतरतो, तिथून मोठ्या काहिलीत. काहिलीखालच्या चुलवाणात एक माणूस वाळलेली चिपाडं सतत ढकलत असतो. म्हणजे ज्या उसाचा रस काढला त्याच्याच चोयट्यांवर तो रस शिजतो. हे पोरांना सांगू नका, त्यांचं त्यांना कळू द्या. आमच्या पुण्याच्या भाचीला ते कळलं तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

रस तापला की त्यात भेंडीच्या खोडांचा चिकट रस घालतात. त्यानं मळी वर येते आणि ती झाऱ्यानं काढून टाकतात. पुढं रस आटत जातो, रंग बदलतो, फेस उसळतो. अधल्यामधल्या टप्प्यावर काकवी मिळते, ती बाटलीत भरून घ्या. खरा खेळ शेवटच्या दहा मिनिटांत असतो. गूळ शिजवणारा गुळव्या थोडा पाक थंड पाण्यात टाकून बोटांनी त्याची गोळी बघतो. त्याच्याकडे थर्मामीटर नसतो, घड्याळ नसतं. गोळी जमली की तो हाक देतो आणि चार-पाच जण मिळून काहील उचलून वाफ्यात ओततात. तिथं गूळ घोटून निवला की कापड लावलेल्या साच्यांत भरतात आणि त्याचे रवे तयार होतात. एका आधणाला अडीच-तीन तास जातात, तेव्हा घाईनं जाऊ नका. आणि काहील ओतताना पोरांचे हात धरून चार पावलं मागं उभे राहा. उकळता पाक अंगावर उडाला तर पाण्यापेक्षा वाईट भाजतो. लहानग्याला त्या वेळी कडेवरच घ्यायचं.

गरम मऊ गूळ उसाच्या कांड्यावर गुंडाळून हातात मिळाला की पोरं त्या दिवशी चॉकलेट मागत नाहीत.

संध्याकाळी म्हशी

गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर गवळी म्हशी घेऊन येतात आणि गिऱ्हाईकासमोर धार काढतात. धारोष्ण दूध तिथंच उभ्यानं प्यायची इथली जुनी रीत आहे आणि तुमच्या पोरालाही ग्लास पुढं केला जाईल. मी कोल्हापूरची असूनही सांगते, लहान मुलांना कच्चं दूध पाजू नका. बघायला न्या, फेस दाखवा, दूध घरी आणा आणि उकळून द्या. यावरून आमच्या घरात दरवेळी वाद होतो. सासऱ्यांच्या मते मी पोरांना नाजूक करते. करू दे.

दिवाळीत आलात तर पाडव्याची संध्याकाळ मोकळी ठेवा. पंचगंगा घाट, कसबा बावडा, सागरमाळ अशा ठिकाणी गवळी आपल्या म्हशी रंगवून, शिंगांना मोरपिसं लावून, गळ्यात घुंगरांच्या माळा घालून आणतात. मालक मोटरसायकलवर पुढं आणि म्हैस त्याच्या मागं पळत. आवाज प्रचंड असतो. दोन वर्षांच्या आतलं बाळ असेल तर लांबून बघा, बाकीच्यांना खांद्यावर घ्या.

तालीम

गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी ही तालमींची नावं पोरांनी ऐकलेली नसतात, पण एकदा आत गेली की घरी आल्यावर गाद्यांवर धोबीपछाड सुरू होतो. दुपारी चारनंतर मेहनत चालू असते. आधी एकट्यानं जाऊन वस्तादांना विचारून या. मुली बरोबर असतील तर तेही सांगा. आता मुलीही कुस्ती खेळतात, तरी प्रत्येक तालमीची रीत सारखी नसते आणि दारात जाऊन परत फिरायला लागलं तर पोरींना वाईट वाटतं.

आत गेल्यावर चपला बाहेर, हौद्यात (कुस्तीच्या मातीत) पाय नाही, मध्येच टाळ्या-शिट्ट्या नाहीत, विचारल्याशिवाय मोबाईल वर नाही. तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू मिसळलेलं असतं. वस्तादांनी परवानगी दिली तर मूठभर माती पोरांना हुंगायला द्या. पैलवानाला "काका, रोज किती जोर मारता?" असं विचारायला पोरांनाच पुढं करा. त्यांना जे उत्तर मिळतं ते आपल्याला मिळत नाही.

तिथून खासबाग मैदान. शाहू महाराजांनी १९०२च्या विलायतेच्या दौऱ्यात रोममधलं कलोझियम पाहिलं आणि त्या धर्तीवर हे मैदान बांधलं. ते १९१२ साली तयार झालं. आखाडा मध्ये आणि प्रेक्षकांची जागा चहूबाजूंनी चढत गेलेली, त्यामुळे मागच्यालाही कुस्ती दिसते. एरवी मैदान रिकामं असतं, तेव्हा पाच मिनिटं पुरे. खरं आकर्षण बाहेरची भेळ. पोरांसाठी "तिखट न घालता" असं सांगून घ्या, तरीही थोडी तिखट लागेलच.

म्युझियम, पण बेतानं

न्यू पॅलेस १८८४ साली पूर्ण झाला. आतलं संग्रहालय मोठं आहे आणि सगळं बघायचा हट्ट धरलात तर पोरं हातची जातात. मी दोनच गोष्टी दाखवते. एक म्हणजे दरबार हॉलच्या रंगीत काचा. त्यावर शिवचरित्रातले प्रसंग आहेत, ते पोरांनाच ओळखायला लावायचे. दुसरी म्हणजे पेंढा भरलेले प्राणी. त्यावरून चित्त्याची गोष्ट निघते. कोल्हापूर संस्थानात काळवीट मारायला चित्ते पाळत, त्यांना सांभाळणारे चित्तेवान असत. पुढं चित्ते देशातून नाहीसे झाले आणि २०२२ साली आफ्रिकेतल्या नामिबियाहून मध्य प्रदेशातल्या कुनोच्या जंगलात आणावे लागले. "मग आधी मारलेच कशाला?" हा प्रश्न येणार, तयारीत राहा. बाहेर आवारात हरणं आहेत, उरलेली ताकद तिथं खर्च होऊ द्या.

टाऊन हॉलचं म्युझियम लहान आहे आणि म्हणूनच पोरांसाठी चांगलं. सोमवारी बंद असतं. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ साली उत्खनन झालं. तिथं पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची ब्राँझची छोटी मूर्ती सापडली. पोरांना एवढंच विचारा, कोल्हापूरला समुद्र नाही, मग समुद्राचा देव इथं कसा आला? दहा वर्षांचं पोर नकाशा मागतं. कोकणातली बंदरं, तिथून घाट चढून येणारे व्यापारी, पलीकडे रोम, असा रस्ता त्यालाच बोटानं काढू द्या. बाहेरच्या बागेत झाडांखाली बसून हे छान होतं.

अंबाबाई

सकाळी लवकर जा. सुट्टीच्या दिवशी आणि नवरात्रात लहान मुलांना घेऊन रांगेत उभं राहायचं असेल तर पाणी, बिस्किटं आणि भरपूर धीर लागतो. दर्शनापेक्षा पोरांना किरणोत्सवाची गोष्ट जास्त आवडते. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीचं ऊन महाद्वारातून आत येतं. आधी देवीच्या पायांवर, मग वर सरकत चेहऱ्यापर्यंत. ढग आले किंवा वाटेत काही आडवं आलं तर किरणं पोचत नाहीत, तेव्हा हमी कुणी देत नाही.

घरी कॅलेंडर काढून पोरांना मोजायला लावा. १० नोव्हेंबर ते २१ डिसेंबर किती दिवस? एक्केचाळीस. २१ डिसेंबर ते १ फेब्रुवारी? बेचाळीस. म्हणजे वर्षातल्या सगळ्यात लहान दिवसाच्या अलीकडे आणि पलीकडे सारख्याच अंतरावर सूर्य क्षितिजावर त्याच जागी मावळतो. ज्यानं मंदिराची दिशा धरली त्याला हे माहीत होतं. भूगोलाच्या पुस्तकातलं उत्तरायण-दक्षिणायन पोरांना इथं जेवढं कळतं तेवढं वर्गात कळत नाही.

पन्हाळा

शहरापासून २० किलोमीटर. २०२५ साली युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी हा एक, त्यामुळे गर्दी वाढली आहे. सकाळी आठला वर असाल तर बरं. जोतिबा त्याच दिवशी जोडू नका, रविवारी तर नाहीच.

सगळा गड फिरायची गरज नाही. अंधारबाव आधी, कारण विहिरीतली गुप्त वाट पोरांच्या डोक्यातून जात नाही. मग अंबरखाना. ही धान्याची कोठारं एवढी मोठी आहेत की वेढ्यात गड किती दिवस तग धरेल याचा हिशेब पोरं आपोआप करतात. त्यानंतर तीन दरवाजा. शिवा काशिदच्या पुतळ्याजवळ थांबून १६६०च्या वेढ्याची गोष्ट सांगा. सिद्दी जौहरला गुंगवायला महाराजांचा वेष करून पालखीत बसला तो. पोरांना बाजीप्रभू माहीत असतात, शिवा काशिद बऱ्याचदा नसतो. माकडं खाण्यावर झडप घालतात, पिशवी हातात लोंबती ठेवू नका. जेवायला झुणका-भाकर.

कणेरी मठाचं ग्रामजीवन संग्रहालय दुसऱ्या दिवसासाठी. बलुतेदारांची कामं दाखवणारे पुतळे खऱ्या माणसाएवढे आणि हुबेहूब आहेत. माझ्या नियमात हे बसत नाही, तिथं कुणी खरंच काम करत नाही. पण आजी-आजोबा बरोबर असतील तर पुतळ्यांपेक्षा त्यांच्याच गोष्टी पोरं ऐकतात. उन्हात चालणं भरपूर, टोपी घ्या.

पावसाळ्यात आलात तर

तेव्हा इथं भेटणारा प्रत्येक माणूस एकच विचारतो, "पाणी किती फुटांवर?" राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी मोजतात. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, धरण भरलं की आपोआप उघडतात. पोरांना रोज सकाळी आकडा लिहून ठेवायला सांगा. घाटावरची देवळं हळूहळू पाण्यात जाताना दिसतात, पण पोलिसांनी अडवलं असेल तिथूनच बघायचं. पाण्याच्या कडेला सेल्फी अजिबात नाही. इशाऱ्याची पातळी ओलांडली की मी पोरांना नदीकडं नेतच नाही.

खाणं आणि चपला

मिसळ पोरांना द्यायची असेल तर "कट वेगळा द्या" म्हणा. फरसाण, बटाटा, दही आणि ब्रेडचा स्लाइस यावर त्यांचं भागतं. जेवणात पांढरा रस्सा मुलांना चालतो, तांबडा तुम्ही घ्या. रात्री कॉकटेल मागितलं तर दचकू नका, इथं ते आइस्क्रीम आणि फळांचं असतं. ते खाऊन रंकाळा तळ्यावर एक चक्कर मारा आणि तिथल्या नंदीची गोष्ट सांगा. हा नंदी रोज गव्हाएवढा तळ्याकडे सरकतो आणि तांदळाएवढा मागं येतो, आणि ज्या दिवशी तळ्यात पोचेल त्या दिवशी जग बुडणार, असं आमच्याकडे म्हणतात. सातवीतल्या पोराला लगेच भागाकार सुचतो.

चप्पल घ्यायची तर चप्पल लाईनला जा, पण पहिल्या दिवशीच, शेवटच्या नाही. करकर वाजणारी पोरांना हवी असते, घेऊन द्या. दुकानात पायात घालून दहा-बारा पावलं चालायला लावा, अंगठ्यापाशी टोचली तर दुसरी बघा. नवं चामडं कडक असतं. रात्री पट्ट्यांना खोबरेल तेल चोळायचं, दोन दिवस फक्त घरात घालायची. पन्हाळ्यावर मात्र बूटच.