आई-बाबांना घेऊन डिस्नी वर्ल्डला जाताना

भारतातून आई-बाबा आले की अमेरिकेतल्या मराठी घरांत फ्लोरिडातल्या ओरलँडोजवळच्या डिस्नी वर्ल्डचा बेत ठरलेलाच असतो. आम्ही अटलांटाजवळ राहतो, गाडीने सातेक तासांत तिथे पोचतो. साताऱ्याहून सासूबाई-सासरे आले की मुलं पहिल्याच आठवड्यात आजीच्या मागे लागतात. मैत्रिणी मला फोन करून विचारतात तेव्हा त्यांना जे सांगते तेच इथे जरा सविस्तर लिहिते आहे. सगळा बेत घरातल्या सर्वांत थकणाऱ्या माणसाकडे बघून आखायचा, हे त्यातलं मुख्य. आमच्याकडे ती दोन माणसं आहेत: सासूबाईंचे गुडघे आणि पाच वर्षांची धाकटी.

आधी महिना ठरवा. जून ते सप्टेंबर फ्लोरिडात दमट उकाडा असतो, दुपारी तीन-चारच्या सुमाराला गडगडाट होऊन पाऊस येतो आणि वीज चमकायला लागली की उघड्यावरच्या राइड बंद करतात. सत्तरीच्या माणसांना त्या उन्हात रांगेत उभं करू नये. नाताळचा आठवडा तर अजिबात नको, तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. जानेवारीची अखेर ते फेब्रुवारीची सुरुवात मला सगळ्यात आवडते. सकाळी स्वेटर लागतो, दुपारी काढावा लागतो, गर्दी बेताची. मुलांच्या शाळेचे दोन दिवस बुडाले तरी चालतील. आजी-आजोबांबरोबरची सहल पुन्हा पुन्हा होत नाही.

डिस्नी वर्ल्ड म्हणजे एक पार्क नव्हे, चार आहेत: मॅजिक किंगडम (१९७१), एपकॉट (१९८२), हॉलिवूड स्टुडिओज (१९८९) आणि ॲनिमल किंगडम (१९९८). चारही करायच्या हट्टाला पडू नका. ज्येष्ठांबरोबर हॉलिवूड स्टुडिओज खुशाल सोडा. पहिल्या दिवशी मॅजिक किंगडम, दुसरा दिवस पूर्ण आराम, मग ॲनिमल किंगडम आणि शेवटी एपकॉट. मधला आरामाचा दिवस वाया गेला असं वाटतं, पण त्याच्यामुळेच पुढचे दोन दिवस निभावतात. तिकिटांचे दर तारखेप्रमाणे बदलतात, म्हणून तारखा ठरल्या की लगेच घ्या. तीन वर्षांखालच्या बाळाला तिकीट नाही, आणि दहा वर्षं पूर्ण झाली की मूल मोठ्यांच्या तिकिटात जातं. वाढदिवस जवळ असेल तर हे ध्यानात घ्या.

राहायला जवळच्या किसिमी गावातलं स्वयंपाकघर असलेलं भाड्याचं घर बघा. संध्याकाळी परत आल्यावर कुकर लावून वरणभात आणि वर तूप, एवढ्याने सगळ्यांचा शीण जातो. घरातून छोटा कुकर, मसाल्याचा डबा आणि चहाचं गाळणं न्या. गाडीने जाणाऱ्यांनी आणखी एक करावं: जॉर्जियाचा पीच पास फ्लोरिडाच्या टोलनाक्यांवरही चालतो, त्यात पैसे भरून ठेवावेत.

आता खाणं. हा भाग मी सर्वांत मन लावून करते. डिस्नी वर्ल्डमध्ये घरचं खाणं आत नेऊ देतात, आणि शाकाहारी आई-बाबांसाठी याहून मोठी सोय नाही. फक्त काच चालत नाही, त्यामुळे लोणच्याची बरणी घरी ठेवा आणि लोणचं प्लॅस्टिकच्या डबीत भरा. सुटा बर्फही चालत नाही. त्याऐवजी आदल्या रात्री पाण्याच्या दोन बाटल्या फ्रीझरमध्ये ठेवते. सकाळी त्या डब्याच्या पिशवीत घातल्या की दुपारपर्यंत खाणं गार राहतं आणि मग प्यायला थंड पाणीही मिळतं.

डब्यात काय? ओलसर भाजी नको, ती सांडते. तिखटामिठाच्या पुऱ्या सगळ्यात उत्तम, दोन दिवस मऊ राहतात. दुधात भिजवलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गुळपोळी, भडंग. चटणीत तेल आधी कालवू नका, कोरडीच न्या. मुलांसाठी राजगिऱ्याच्या वड्या, कारण चॉकलेट उन्हात वितळून पिशवीभर होतं. पाणी विकत घेऊ नका. जिथे पेयं मिळतात त्या खाण्याच्या काउंटरवर बर्फाचं पाणी मागितलं की पेला भरून फुकट देतात. सासूबाईंना नुसतं पाणी जात नाही, म्हणून लिंबू सरबताची पूड सोबत असते.

एक जेवण मात्र बाहेर घ्यावंच: ॲनिमल किंगडम लॉजमधलं सना रेस्टॉरंट. तिथे भारतीय धर्तीच्या गरम रोट्या आणि वेगवेगळ्या चटण्यांचं ताट मिळतं, आणि खिडकीबाहेर जिराफ, झेब्रे चरत असतात. हे हॉटेलात आहे, त्यामुळे पार्कचं तिकीट लागत नाही. आरामाच्या दिवशी दुपारी उजेड असताना जा. साठ दिवस आधी टेबल राखता येतं.

पायांकडे वळते. दिवसाला दहा-बारा किलोमीटर चालणं सहज होतं, त्यामुळे नवे बूट सहलीच्या आधी किमान दोन आठवडे घरात आणि बाहेर घालून मुरवून घ्यायचे. भारतातून आणलेल्या चपला-सँडलवर भागत नाही. प्रत्येकाचा मोज्यांचा जास्तीचा जोड झिपलॉकच्या पिशवीत ठेवा, आणि सकाळी बोटांच्या मधे व्हॅसलीन लावा. सासूबाईंना साडीच लागते, पण काही राइडमध्ये सरकत्या पट्ट्यावरून चढावं लागतं, म्हणून मी त्यांना पंजाबी ड्रेस आणि ओढणीला पिन असा आग्रह करते.

व्हीलचेअर पार्कच्या दारापाशी भाड्याने मिळते. आई हमखास म्हणतील, 'मला काय झालंय?' त्यांना सांगा की ही फक्त रांगेत आणि परतताना बसायला आहे, मधे त्या चालू शकतात, आणि खुर्चीवर पिशव्या ठेवता येतात. हे पटतं. व्हीलचेअरमुळे रांग चुकत मात्र नाही, तेवढं मनात धरून ठेवा.

दिवसाचा क्रम असा. पार्क उघडायच्या पाऊण तास आधी दारात. मॅजिक किंगडमला तर आणखी लवकर निघा, कारण गाडी लावल्यावर तपासणी होऊन पुढे मोनोरेल किंवा बोट घ्यावी लागते. सकाळचे तीन तास सोन्याचे, मोठ्या राइड तेव्हाच उरका. ॲनिमल किंगडममध्ये किलिमांजारो सफारी पहिली घ्या, पण त्या गाडीला धक्के बसतात, पाठीचं दुखणं असेल त्याने बसू नये. बारानंतर दोन-तीन तास विश्रांती घ्या. ॲनिमल किंगडम आणि एपकॉटमधून घरी जाऊन झोपून परत येता येतं, पार्किंगचं तिकीट दिवसभर चालतं. मॅजिक किंगडममधून बाहेर पडायला फार वेळ जातो. तिथून मोनोरेल धरून जवळच्या हॉटेलांपैकी एकात उतरा आणि गार लॉबीत निवांत बसा.

आजी-आजोबांना काय आवडतं? मॅजिक किंगडममधली पीपलमूव्हर: उंचावरून संथ फिरते, वारा लागतो, रांग फारशी नसते. कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस हा बसून बघायचा वीस मिनिटांचा खेळ, मुळात १९६४च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनासाठी बनलेला. सासरे कृषी खात्यात नोकरीला होते. त्यांना एपकॉटमधली लिव्हिंग विथ द लँड इतकी आवडली की लगेच पुन्हा बसले. होडीतून हरितगृहांमधून जाताना मातीशिवाय वाढवलेली पिकं दिसतात. एपकॉटच्या तळ्याभोवती अकरा देशांची दालनं आहेत, त्यात भारत नाही. आजी विचारणारच, आधीच सांगून ठेवा. ॲनिमल किंगडममध्ये मात्र महाराजा जंगल ट्रेक आहे, पडक्या राजवाड्यासारख्या सजवलेल्या वाटेवरून चालत जाऊन वाघ बघायचे.

लहान मुलांची उंची घरीच इंचांत मोजा आणि मगच वचन द्या. काही राइडना किमान उंची लागते: बार्नस्टॉर्मरला ३५, सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेनला ३८, स्पेस माउंटनला आणि एक्सपेडिशन एव्हरेस्टला ४४, ट्रॉनला ४८. रांग संपताना नाही म्हटलं की मूल कोसळतं. धाकटी बसू शकत नाही म्हणून आजीला तिच्याजवळ बाकावर बसवून आपण सगळे आत जायचं, हे मला पटत नाही. त्या सांभाळायला आलेल्या नाहीत, फिरायला आल्या आहेत. रायडर स्विच मागा: एक जण मुलीजवळ थांबतो, दुसरा जाऊन येतो, मग पहिल्याला पुन्हा पूर्ण रांग लावावी लागत नाही.

उरलेलं सामान पटकन: प्रत्येकी एक पातळ रेनकोट (बाहेरच्या स्वस्त दुकानातून, आत महाग पडतो), टोपी, सनस्क्रीन, दोन पॉवर बँक. तिकिटं, नकाशा, जेवणाची ऑर्डर सगळं फोनच्या ॲपवर असतं आणि दुपारपर्यंत बॅटरी संपते. सेल्फी स्टिक आत नेऊ देत नाहीत. औषधं हातातल्या पिशवीत, मूळ वेष्टनात. इन्सुलिन असेल तर प्रत्येक पार्कच्या प्रथमोपचार केंद्रात फ्रिजमध्ये ठेवायला देता येतं. आई-बाबांचा प्रवासी आरोग्य विमा सहलीआधीच तपासा आणि कार्डाचा फोटो दोघांच्या फोनमध्ये ठेवा. मुलांच्या मनगटावर आणि सासूबाईंच्या पर्समध्ये आपला फोन नंबर लिहिलेला असू द्या. निघताना सगळ्यांचा एक फोटो काढा, म्हणजे चुकामूक झाली तर कोणी काय घातलं होतं ते दाखवता येतं.

रात्रीची आतषबाजी मुलांना हवीच असते. मॅजिक किंगडममधल्या किल्ल्यासमोरच्या गर्दीत आजी-आजोबांना उभं करू नका. ती सुरू व्हायच्या अर्धा तास आधी बोटीने पलीकडे, गाडी लावली त्या बाजूला या, धक्क्यापाशी थांबा, तळ्यावरून सगळं दिसतं. तिथून गाडी जवळ असते, आणि गर्दी बाहेर पडायच्या आत तुम्ही किसिमीच्या रस्त्याला लागता.