सांभार शोधता शोधता कोश कसे चाळायचे

आमच्या वहिनी पुण्याच्या. लग्न होऊन नागपुरात आल्या तेव्हा आईनं त्यांना गोकुळपेठेतून सांभार आणायला सांगितला, आणि त्या सांबार मसाल्याचं पाकीट घेऊन आल्या. इकडे सांभार म्हणजे कोथिंबीर हे त्यांना कोण सांगणार बाप्पा. तेव्हापासून मला कोश उघडायची सवय लागली ती लागलीच.

तर पहिली गोष्ट, 'संस्कृती' नाहीतर 'खाद्यपदार्थ' असं मोघम टाकून शोधू नका, काही हाती लागत नाही. एक शब्द पकडा, बाजारात ऐकलेला, घरात भांडण लावलेला, कसाही चालेल. शब्द असेल तर आधी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती 1857 ची) आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश, दोन्ही शिकागो युनिव्हर्सिटीच्या साइटवर फुकट आहेत. मोल्सवर्थमध्ये अर्थ इंग्रजीत, दाते-कर्व्यांत मराठीत.

आता इथं लोक अडकतात ते स्पेलिंगपाशी. हे कोश 1962 च्या शुद्धलेखन नियमांच्या आधीचे, त्यामुळे आपण 'गाव' टाकतो आणि तिथं 'गांव' असतं, 'नाव' टाकतो तर 'नांव'. म्हणून शब्द सापडला नाही की अनुस्वार देऊन बघा, ह्रस्व-दीर्घ उलटं करून बघा, ब चा भ करून बघा (सांभार, सांबार, दोन्ही). 'वऱ्हाड' तर अजून डोक्याला ताप, कारण त्यातला अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो, दिसायला सेम पण सर्चला वेगळा, मग सरळ 'हाड' टाकून खाली शोधत जायचं.

शब्द मिळाला की अर्थ वाचून पळू नका भाऊ. कंसात बारीक अक्षरं असतात, दाते-कर्व्यांत (व.) म्हणजे वऱ्हाडी, (ना.) म्हणजे नागपुरी, आणि चौकोनी कंसात व्युत्पत्ती. आपण चौकात उभं राहून तर्री टाकून खातो ते पोहे संस्कृत 'पृथुक' वरून आलेत, हे असंच कळतं.

विषय मोठा असेल, म्हणजे भाषा, वाद्य, जमात, तर मराठी विश्वकोश. नोंदीत मधे मधे बाणाची खूण असते, तिच्या मागं जायचं, खरी मजा तिथंच. गोंडी बघायला गेलात तर द्राविडी भाषांत पोचता, आणि गोंडी ही मराठीची बोली वगैरे असं जे कोणी कोणी ठोकून देतात ना ते तिथंच संपतं, ती तेलुगूच्या घराण्यातली. केतकरांचा ज्ञानकोशही बघा, 1920 च्या दशकातला, तो काढणारं मंडळ आपल्या नागपूरचंच. पण जाती-जमातींबद्दल त्यात जे लिहिलंय ते त्या काळचं समजून वाचा, नोंद कधीची आहे हे आधी बघायचं म्हणजे बघायचंच.

खाण्याच्या बाबतीत कोश कच्चे. सावजी, वडाभात, पाटोडी, यातलं घरोघरी वेगळं, तिथं आईला विचारलेलं बरं. दंडार (इकडचं लोकनाट्य) किंवा खंजिरी भजनाची नोंद वाचली तर लगेच ऐकूनही घ्या, नुसत्या वर्णनानं काही कळत नाही.

वहिनींचं विचाराल तर आता त्या माहेरी गेल्या की पुण्याच्या भाजीवाल्याला सांभार मागतात.