एसटीपीत अमोनिया कमी होत नाहीये? ब्लोअर वाढवायच्या आधी या चुका टाळा

घोडबंदर रोड असो की नेरुळ, सोसायटीच्या एसटीपीच्या (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटच्या) रिपोर्टात अमोनिया जास्त दिसला की पहिली ऑर्डर ठरलेली, टँकमध्ये हवा सोडणाऱ्या ब्लोअरचे तास वाढवा. हवा लागतेच, १ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट व्हायला साधारण ४.५७ ग्रॅम ऑक्सिजन लागतो, पण टँकमध्ये डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) लिटरमागे २ मिलीग्रॅमच्या आसपास असूनही अमोनिया हलत नसेल तर घोळ दुसरीकडे आहे, उगाच वीज जाळू नका.

आधी अल्कलिनिटी (आम्ल झेलून पीएच टिकवायची पाण्याची ताकद) मोजा, हे कोणी बघतच नाही आणि निम्मी दुखणी इथेच सापडतात. तोच १ ग्रॅम नायट्रोजन ७.१४ ग्रॅम अल्कलिनिटी खातो, म्हणजे लिटरमागे ४० मिलीग्रॅम अमोनिया-नायट्रोजन असेल तर जवळजवळ २८५ मिलीग्रॅम अल्कलिनिटी गेली. आपल्याकडे नळाला धरणाचं पाणी, ते बोअरवेलसारखं जड नसतं, त्यामुळे शिल्लक थोडीच राहते, पीएच ६.५ च्या खाली घसरतो आणि अमोनियाचं नायट्रेट करणारे बॅक्टेरिया थंडावतात. आउटलेटला लिटरमागे ७०-१०० मिलीग्रॅम अल्कलिनिटी उरेल इतका खायचा सोडा रोज थोडाथोडा द्या, एकदम पोतं ओतू नका.

स्लजचंही, म्हणजे टँकमधल्या बॅक्टेरियांच्या गाळाचंही, तेच. वास आला, पाहणीला कोणी येणार म्हणून टँकर बोलावून भसाभस स्लज उपसतात आणि मग महिनाभर अमोनिया जात नाही, कारण हे बॅक्टेरिया फार सावकाश वाढतात. रोज थोडा काढा.

अ‍ॅनॉक्सिक टँकमध्ये (जिथे हवेशिवाय बॅक्टेरिया नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात) हवा सोडू नका प्लीज! तिथे फक्त मिक्सर हवा. ऑक्सिजन मिळाला की तिथले बॅक्टेरिया नायट्रेटकडे बघतच नाहीत, ते तसंच खाडीत जातं, आणि ठाणे खाडी २०२२ पासून रामसर साइट (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे, फ्लेमिंगो तिथेच खातात. शिवाय अ‍ॅनॉक्सिक नीट चाललं तर गेलेल्या अल्कलिनिटीतली निम्मी परत मिळते, म्हणजे सोड्याचा खर्चही वाचतो.

आता सेटलरवर (स्लज खाली बसवणाऱ्या टाकीवर) स्लजचे गोळे तरंगतायत, बारीक बुडबुडे येतायत, तर लगेच स्लज बसवायचं पॉलिमर टाकू नका. टँकमधला स्लज काचेच्या जारमध्ये भरून ठेवा. अर्ध्या तासात छान बसला आणि तास-दोन तासांनी गोळा होऊन वर आला, तर सेटलरच्या तळाशी नायट्रेटचा गॅस होतोय. स्लज परत आणणाऱ्या पंपाचा वेग वाढवा आणि नायट्रेटचं पाणी अ‍ॅनॉक्सिकला परत नेणारं रिसर्क्युलेशन खरंच चालू आहे का ते बघा, बऱ्याचदा तो व्हॉल्व्हच बंद असतो.