गृहबांधणी कंपनीचा पैसा साठ्यात किती दिवस अडकतो, ते कसे मोजावे

गृहबांधणी कंपनीच्या ताळेबंदात सर्वांत मोठी रक्कम बहुधा ‘इन्व्हेंटरी’ म्हणजे साठा या एकाच ओळीत असते. मोकळी जमीन, रस्ते-गटारे होऊन तयार झालेले प्लॉट, अर्धवट घरे, पुरी होऊनही न विकलेली घरे, नमुना घरे, सगळे तिच्यातच. नुसता टर्नओव्हर, म्हणजे साठा वर्षात किती वेळा फिरला ते, काढून थांबलात तर पैसा अडकलाय एवढे कळते; कुठे, ते कळत नाही.

सुरुवात मात्र टर्नओव्हरनेच करा: वर्षभरात विकलेल्या घरांचा खर्च भागिले सरासरी साठा. विक्रीचा आकडा घेऊ नका. त्यात नफा असतो, साठा मात्र खर्चाच्या भावाने मांडलेला असतो. एखादा जमिनीचा तुकडा घाऊक विकला असेल तर त्याचा खर्च वगळा. समजा खर्च 600 कोटी, वर्षारंभी साठा 850, वर्षअखेर 950. सरासरी 900 आली, म्हणजे टर्नओव्हर 0.67, दिवसांत 548 (साठा भागिले खर्च, गुणिले 365). धंदा हंगामी असेल तर पाच तिमाहीअखेरींची सरासरी घ्या. वर्षअखेरीस ताबे उरकले की साठा तेवढ्यापुरता रोडावतो.

आता तळटीपांमधून साठ्याची फोड करा. याच 900 मध्ये जमीन 500, बांधकाम 300 आणि तयार-न विकलेली घरे 100 असतील, तर दिवस अनुक्रमे 304, 183 आणि 61. बांधकामाचे दिवस वाढले तर मजूर, परवाने किंवा साहित्य अडले आहे. तयार घरांचे वाढले तर मागणी थंडावली आहे किंवा भाव चढा आहे. दुखणे वेगळे, औषधही वेगळे. जमीन फुगली असेल तर मात्र घाईने दोष देऊ नका: पुढच्या प्रकल्पांची ती तरतूदही असू शकते.

पूर्ण रोकडचक्रासाठी, म्हणजे घातलेला पैसा परत हाती यायला लागणाऱ्या दिवसांसाठी, साठ्याच्या दिवसांत येण्याचे दिवस मिळवा, देण्याचे वजा करा. विक्री 750 कोटी आणि येणे 30 असेल तर 15 दिवस वाढतात. पुरवठादारांचे देणे 100 म्हणजे 600 च्या खर्चावर 61 दिवस कमी. ग्राहकांचे आगाऊ पैसे 150 असतील तर आणखी 91 कमी. उरले 411. आगाऊ रक्कम धरायला पुष्कळ जण विसरतात. ती धरताना नोंदणी रद्द होण्याचे प्रमाणही पाहा, कारण घर रद्द झाले की त्यातला काही पैसा परत जाऊ शकतो.

आकडा अचानक सुधारला तर आधी संशय घ्या. वरच्याच कंपनीने जमिनीचे मूल्य 90 कोटींनी खाली आणून तो तोटा खर्चात टाकला, की खर्च 690, सरासरी साठा 855 आणि दिवस 452. एकही जादा घर न विकता 96 दिवस ‘वाचले’! असे निर्लेखन खर्चातून काढा आणि साठ्यात परत मिळवून गणित करा.

महसूल कधी धरतात, हा दुसरा सापळा. काही कंपन्या ताबा दिल्यावर धरतात, काही बांधकामाच्या प्रगतीप्रमाणे. आयएफआरएस 15 या महसुलाच्या आंतरराष्ट्रीय लेखामानकात करारानुसार दोन्ही शक्य आहे. प्रगतीप्रमाणे धरणाऱ्या कंपनीत साठा खर्चात वळून ‘करार मालमत्ता’ (झालेल्या कामाची, पण अजून ग्राहकाकडे न मागितलेली रक्कम) या नावाने दुसऱ्या ओळीत जातो आणि टर्नओव्हर झकास दिसतो. पैसा अजून आलेलाच नसतो. ती ओळ येण्यात मिळवल्याशिवाय या दोन प्रकारच्या कंपन्यांची तुलना करू नका.

साठ्यात मुरवलेले, म्हणजे खर्चात न टाकता साठ्याच्या किमतीत मिळवलेले, कर्जाचे व्याजही पाहा. जमीन जितकी रेंगाळते तितके ते साचते आणि घर विकल्यावर खर्चात उतरते.

जमीन कोण बाळगतो यानेही चित्र पालटते. अमेरिकेतली एनव्हीआर ही गृहबांधणी कंपनी 1992 साली दिवाळखोरीत गेली. 1993 मध्ये बाहेर पडल्यावर तिने जमीन विकत घेऊन ठेवण्याऐवजी अनामत भरून तयार प्लॉटवर हक्क राखण्याची पद्धत धरली. अशा कंपनीचा टर्नओव्हर स्वतः जमीन विकसित करणाऱ्या कंपनीशेजारी ठेवण्यात अर्थ नाही. अनामत किती आणि ती बुडू शकते का, हे तपासा.

शेवटी रोकड प्रवाह पत्रक उघडा. जमीनखरेदी तिथे कामकाजाच्या प्रवाहातच मोडते, म्हणून जोमाने वाढणाऱ्या कंपनीचा हा आकडा उणे असू शकतो. तीन ते पाच वर्षांची बेरीज निव्वळ नफ्याशी ताडून पाहा. नफा दरवर्षी वाढतोय, बेरीज उणेच राहतेय आणि दिलेल्या ताब्यांची संख्या जागची हलत नाहीये, असे दिसले तर पुन्हा साठ्याच्या फोडीकडे वळा आणि जमिनीची ओळ वर्षवार मांडा.